हेगला निघण्यापूर्वी

नाशिक, रविवार

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, बरोबर काय नेऊ?" तेव्हा मी कुकर आणि गोडा मसाला म्हणालो, कारण शेजारी तुझी काकू बसली होती. आता खरं सांगतो. जाड तळाचे बूट ने. नेदरलँड्समधल्या या हेगहून रॉटरडॅम, जिथे आपला माल जहाजातून उतरतो, आगगाडीने अर्ध्या तासावर आहे, आणि तिथल्या शीतगृहाच्या ओल्या फरशीवर कचेरीतले बूट घसरतात. वकिलातीच्या वाणिज्य विभागात तू रुजू होशील तेव्हा तुला टेबल, कॉम्प्युटर आणि मागच्या अधिकाऱ्याच्या फायली मिळतील. पहिल्या पंधरवड्यात त्या फायलींत बुडू नकोस. आपल्याकडचा एखादा द्राक्षाचा कंटेनर उघडणार असेल, तर आयातदाराला विनंती करून तिथे जाऊन उभी राहा.

द्राक्षबागायतदाराची लेक तू, तुला द्राक्ष काय शिकवायचं! पण विकणाऱ्याच्या नजरेनं पाहिलेला घड वेगळा आणि घेणाऱ्याच्या नजरेनं पाहिलेला वेगळा. तो माणूस मणी चाखण्याआधी देठ बघतो, हिरवा आहे की तपकिरी पडलाय. मग घड देठाला धरून हलकेच झटकतो आणि पेटीत किती मणी गळले ते बघतो. न्हावाशेव्याहून निघालेला माल कित्येक आठवडे समुद्रावर असतो, त्या प्रवासाचा सगळा हिशेब त्या देठावर लिहिलेला असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की पुढे "खरेदीदाराने खोटा क्लेम लावला" असं पत्र आलं, तर त्यात खोटं किती आणि खरं किती याचा अंदाज तुला बसल्या जागी येईल. बऱ्याचदा दोन्ही थोडं थोडं असतं. द्राक्षं पुष्कळदा कन्साइनमेंटवर जातात, म्हणजे भाव माल विकल्यावर ठरतो. भांडणाचं बी तिथेच पेरलेलं असतं.

लोकांना वाटतं, परदेशातलं सरकारी व्यापार कार्यालय म्हणजे सरकारचं दुकान. तुला रोज ई-मेल येतील: "कृपया खरेदीदारांची यादी पाठवावी." इचलकरंजीचा, मोरबीचा, तिरुपूरचा, सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एकच. यादी पाठवणं सोपं असतं. मीही अशाच कार्यालयात असताना पाठवायचो. एकदा आपल्याच भागातल्या एका निर्यातदाराचे पैसे बुडाले. मी खरेदीदाराचा पत्ता शोधत गेलो, तर सायकलच्या दुकानावर एक खोली, दाराला कुलूप आणि पाटीवर चार कंपन्यांची नावं. परत येऊन फाईल काढली. त्या खरेदीदाराचं नाव वर्षभरापूर्वी आमच्याच कचेरीनं पाठवलेल्या यादीत होतं, खाली सही माझी. यादी मला आधीच्या अधिकाऱ्याकडून मिळाली होती आणि त्याला त्याच्या आधीच्याकडून. त्या निर्यातदारानं मला शब्दानं दुखावलं नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा दोनशे नावांच्या यादीपेक्षा तू स्वतः पारखलेली दहा नावं पाठव. नेदरलँड्समध्ये हे अवघड नाही. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या नोंदवहीत प्रत्येक धंद्याला आठ आकडी क्रमांक असतो, थोडे पैसे भरले की कंपनी कधी नोंदली आणि सही कोणाची चालते, ते कळतं. आणि पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला विचार, ईसीजीसीचा विमा काढलाय का? 1957 पासून मुंबईत ही सरकारी कंपनी आहे, परदेशी खरेदीदारानं पैसे बुडवले तर भरपाई देते. तरी विमा न काढता माल जहाजावर चढवणारे तुला भेटतील, आणि नंतर तेच तुला म्हणतील की वकिलातीनं वसुली करून द्यावी. वसुली आपल्या हातात नसते, हे पहिल्याच पत्रात स्वच्छ लिही. आपण फोन करू शकतो, दोघांना एका टेबलाशी बसवू शकतो, चांगल्या वकिलाचं नाव सांगू शकतो. सरकारी शिक्क्याच्या पत्रानं कधी कधी माणूस हलतो. नेहमी नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला बसलो. 2010 चा हंगाम तुला आठवत नसेल, अण्णांना विचार. आपली द्राक्षं युरोपात अडली होती, कारण त्यांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला. बागेत त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला मारतात. फवारणी एप्रिल-मेची आणि माल पुढच्या फेब्रुवारी-मार्चचा, पण लाकडात मुरलेलं औषध फळापर्यंत पोचलं. आपल्याकडे निर्यातीआधी प्रयोगशाळेत तपासायच्या रसायनांची यादी होती, त्यात हे नव्हतं. युरोपच्या यादीत ते होतं, मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे शेतकऱ्यानं सगळे नियम पाळले, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्लॉट नोंदवला, तपासणीचा कागद मिळवला, आणि तरी माल अडला. त्या वर्षी किती घरांतली लग्नं पुढे ढकलली गेली, ते निफाड तालुक्यात कोणालाही विचार.

मी तेव्हा युरोपातच होतो, तू आता ज्या कामावर निघालीस त्याच कामावर. ती युरोपीय यादी गुप्त नव्हती. 2008 च्या सप्टेंबरपासून सगळ्या देशांना एकच मर्यादा लागू होत्या आणि इंटरनेटवर कोणालाही दिसत होत्या. मी ती यादी कधी उघडून आपल्या यादीशेजारी ठेवलीच नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. मला कोणी जाबही विचारला नाही, कारण सरकारी खात्यात न केलेल्या कामाची फाईल नसते.

म्हणून तुझ्या कामातला सगळ्यात निरस वाटणारा भाग तू मनावर घे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांप्रमाणे कोणत्याही देशानं अन्नसुरक्षेचा किंवा रोगकिडीचा नियम बदलायचा ठरवला, तर आधी कळवायचं असतं आणि म्हणणं मांडायला साधारण 60 दिवस द्यायचे असतात. त्या सूचना दर सोमवारी वाच. आपल्या मालाचं नाव दिसलं की दिल्लीला आणि अपेडाला, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेला, लिही, आणि असं लिही की मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या माणसाला त्यावरून लगेच काय तपासायचं ते कळेल. "यथोचित कार्यवाहीसाठी" असलं काही लिहू नकोस. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर फोन कर. फोन उचलला नाही, तर पुन्हा कर.

हापूसचंही तेच. 1 मे 2014 ला युरोपनं आपला आंबा बंद केला, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू. आधीच्या वर्षी 207 खेपांत कीड सापडली होती. 207! पहिल्या खेपेपासून बंदीपर्यंत शहाण्या माणसाला पुरेसा वेळ होता. मग पॅकहाउस, म्हणजे फळं निवडून पेट्यांत भरायच्या जागा, सुधारले, 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर फळ बुडवायची प्रक्रिया आली, युरोपचे तपासनीस येऊन बघून गेले आणि जानेवारी 2015 मध्ये आंबा सुटला. मधला एक हंगाम मात्र गेलाच.

बाकी गोष्टी तुला आपोआप कळतील. शिष्टमंडळं येतील. ती नेमकी ट्यूलिप फुलतात तेव्हाच का येतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असतो आणि तू कॉइकेनहोफच्या बागेत कोणाचे तरी फोटो काढत असशील. काढ, चिडू नकोस. बर्लिनच्या फळांच्या प्रदर्शनात दर फेब्रुवारीला आपला मंडप लागतो. तिथे उद्घाटनाच्या फितीपाशी थांबण्यापेक्षा पेरू आणि दक्षिण आफ्रिकेच्या मंडपांत फिर, कारण युरोपच्या बाजारात आपल्याला त्यांच्याशीच टक्कर द्यायची असते.

कचेरीत एखादी स्थानिक मार्केटिंग ऑफिसर असेल, वीस-वीस वर्षं तिथेच असलेली. आपण तीन वर्षांनी बदलून जातो, ती राहते. तिला साहेबी दाखवू नकोस. कोणता आयातदार फोनवर गोड बोलतो आणि पैसे उशिरा देतो, हे फाईलमध्ये नसतं, तिला माहीत असतं.

माझ्या जुन्या दोन वह्या कुरिअरनं पाठवतोय. निळ्या वहीत नावं आहेत, ती आता जुनी झाली, वापरू नकोस. लाल वहीत फक्त आपला माल का नाकारला गेला त्याच्या नोंदी आहेत, तारखेसकट. चाळिसाव्या पानानंतरचं अक्षर लागलं नाही तर फोन कर. दुपारी दोन ते चार नको, झोपलेला असतो.

तुझा,
काका