हेपॅटायटिस सीच्या गोळ्या चालू असताना थकवा आणि चिडचिड होते, काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. घर निपाणीजवळ, मिस्टरांना हेपॅटायटिस सी (विषाणूमुळं होणारा लिव्हरचा आजार), लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कडक आणि निबर होण्यापर्यंत गेलेलं, म्हणून सोफोसबुविर-वेलपटासविरच्या गोळीबरोबर रिबाविरिनही दिलंय. दुसरा महिना चालू आहे. ऊस तोडणीला आलाय आणि त्यांच्या अंगात बांधापर्यंत जायचं त्राण नाही. पोरांवर खेकसतात, "या गोळ्यांनीच मी जाणार, बंद करतो" म्हणतात.

मी बेळगावात वडगावला राहतो, मागावर काम करतो. हीच औषधं मी घेतली आणि पूर्ण केली. पहिलं हे सांगतो की डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू देऊ नका. पण "औषध म्हटलं की सोसायचं" म्हणून गप्पही बसू नका. या थकव्याचं कारण पुष्कळदा साध्या रक्ततपासणीत सापडतं आणि त्यावर इलाज असतो.

रिबाविरिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. पहिल्या महिन्यातच हिमोग्लोबिन खाली येऊ लागतं. माझं तेरावरून साडेनऊवर आलं होतं. तुटलेला धागा जोडायला मागावर वाकलो की डोळ्यांपुढं अंधारी यायची, दोन पायऱ्या चढलो की छाती धडधडायची. दुपार कलली की मागाचा तोच रोजचा खडखडाट डोक्यात घण घातल्यासारखा वाटायचा, आणि त्या वेळी कोणी नुसतं "चहा ठेवू का?" विचारलं तरी अंगावर आल्यासारखं व्हायचं. आकडा दहाच्या खाली गेलेला बघून डॉक्टरांनी रिबाविरिनचा डोस कमी केला, मुख्य गोळी तशीच ठेवली. पुढच्या काही आठवड्यांत अंगात जीव आला आणि चिडचिडही उतरली. म्हणून सांगतो, ही चिडचिड म्हणजे तुमच्या मिस्टरांचा बदललेला स्वभाव समजू नका. दमलेल्या शरीराला एवढ्यातेवढ्याचाही भार होतो.

तेव्हा शेवटचं हिमोग्लोबिन कधी तपासलं आणि किती आलं, हे आधी बघा. महिना उलटून गेला असेल तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. रक्त कमी झालं म्हणून शेजारपाजारचे लोहाच्या गोळ्या आणि बीट सुचवतील. इथं लोह कमी पडलेलं नसतं, पेशी फुटत असतात, त्यामुळं लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका.

त्यांना शुगर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर नीट लक्ष द्या. विषाणू कमी होऊ लागला की शरीर इन्सुलिनला जास्त चांगली साथ देतं आणि तोच जुना डोस भारी पडू शकतो. एकदम चिडणं, हात थरथरणं, घाम फुटणं असं झालं तर त्याच क्षणी शुगर तपासा. कमी असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा.

एका प्रकारच्या चिडचिडीला मात्र घरी थांबायचंच नाही. रात्रभर जागे आणि दिवसा पेंगत असतील, बोलण्यात गोंधळ होत असेल, हात पुढं धरल्यावर पंजे फडफडत असतील, तर सिरॉसिसमध्ये त्याचा अर्थ लिव्हर नीट काम करत नाही आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतोय असा असू शकतो. त्यात बद्धकोष्ठ असेल तर हे आणखी वाढतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि "जगून काय करायचं" असं बोलू लागले तर ते रागाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतीच्या नंबरवर फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं.

आता घरातलं. तुमच्याकडं त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय का? आपल्या भागात कावीळ म्हटलं की पहिलं हेच होतं, आणि माणूस आतून तिथंच तुटतो. हेपॅटायटिस सी रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्यानं, पोरांना कुशीत घेतल्यानं, एकाच तांब्यानं पाणी प्यायल्यानं होत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर तेवढं वेगळं ठेवा. माझ्या आईनं पहिल्या दिवसापासून मला पंगतीत शेजारी बसवून वाढलं. त्या एका गोष्टीनं मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याही समजुतीच्या शब्दानं आला नसता.

कामाचं म्हणाल तर ज्या वेळी अंगात जीव असतो ती वेळ ओळखा. बहुतेकांना सकाळ बरी जाते. शेतावरची चक्कर तेव्हाच होऊ द्या, तोडणीच्या टोळीशी बोलणं भावाकडं किंवा पाहुण्यांकडं सोपवा. दुपारी जरा आडवं व्हावं, पण तासभर झोप लागली तर रात्रीची झोप जाते. पूर्ण झोपून राहणंही बरं नाही, संध्याकाळी गल्लीतून सावकाश फेरी मारली की उलट हलकं वाटतं. रिबाविरिन नेहमी जेवणाबरोबर घ्यायचं. त्यानं झोप उडत असेल तर रात्रीचा डोस लवकर, सातच्या जेवणाबरोबर घेतला तर चालेल का ते विचारा. दुपारनंतर चहा नको. पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या, पोटात पाणी होत असेल तर हिशेब वेगळा असतो.

पोरांना मी मोकळेपणानं सांगितलं होतं की बाबांना संध्याकाळी आवाज सहन होत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. त्यांना हे कळतं, फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

झाडपाल्याचं औषध देणारे भेटतीलच. नको म्हणा. गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आणि ॲसिडिटीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको, वेलपटासविर अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. दारू अर्थातच बंद.

आणखी एक, तुम्हाला उद्देशून. ते रिबाविरिन घेत असताना आणि ते संपल्यावरही किमान सहा महिने तुम्हाला दिवस जाता कामा नयेत, गर्भाला धोका असतो. हे ओपीडीत घाईत सांगायचं राहून जातं.

खर्चामुळं गोळ्या थांबवायचा विचार असेल तर सरकारी कार्यक्रमात ही औषधं २०१८ पासून मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि त्यांना हेही सांगा की या गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू उरलाय का ते बघणारी आरएनए तपासणी होते, तिच्यात विषाणू दिसला नाही तर आजार गेला. सिरॉसिस असल्यामुळं लिव्हरची तपासणी मात्र पुढंही दर सहा महिन्यांनी करत राहावी लागते.

हिमोग्लोबिनचा आकडा आणि शुगर आहे की नाही ते इथं खाली लिहा. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते आपण मिळून कागदावर मांडू.