तीन महिने रोज चालूनही दीड किलोच का उतरले? कार्डिओ आणि चरबी यांचा खरा संबंध

आपण विचारले आहे की, वय ४१, वजन ८० किलो, गेले तीन महिने न चुकता रोज पाऊण तास झपझप चालूनही वजन दीड किलोच उतरले आणि पोट जसेच्या तसे आहे. तेव्हा चरबी कमी करण्यासाठी कार्डिओ (म्हणजे चालणे, धावणे, पोहणे यांसारखे दम वाढवणारे व्यायाम) करण्यात काही अर्थ आहे, की ते सोडून सरळ वजने उचलायला लागावे? मी डॉक्टर नाही. बडोद्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे आणि आपण आज जिथे अडला आहात तिथेच आठ वर्षांपूर्वी मीही अडले होते, एवढ्या भांडवलावर हे उत्तर लिहिते आहे.

आधी आपल्या दीड किलोचा हिशेब मांडू, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करते (बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी) आणि ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने चालताना हा खर्च सुमारे साडेतीन पट होतो. म्हणजे ८० किलोचा माणूस पाऊण तास चालला, तर एकूण खर्च २१० कॅलरींच्या आसपास येतो. पण यातल्या ६० कॅलरी तो खुर्चीत पेपर वाचत बसला असता तरी खर्च झाल्याच असत्या, म्हणून चालण्याच्या नावावर मांडता येतात त्या दीडशेच. (ट्रेडमिलच्या पडद्यावरचा आकडा सुखावणारा असतो त्याचे एक कारण हे, की पुष्कळ यंत्रे हा बसल्या जागचा खर्च वजा करतच नाहीत.) नव्वद दिवसांचे झाले १३,५००. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा. भागाकार केला की पावणेदोन किलो येतात. आपले दीड किलो उतरले आहे. म्हणजे आपले चालणे वाया गेलेले नाही, पाऊण तासाच्या चालण्याने जेवढे व्हायला हवे होते जवळजवळ तेवढेच झाले आहे. चुकली असेल तर ती अपेक्षा.

माझी अपेक्षा याहून जास्त चुकली होती. मी पहाटे कमाटीबागेत जात असे, विश्वामित्री नदीच्या बाजूने दोन मोठ्या फेऱ्या घालत असे, आणि आम्हा चौघी मैत्रिणींचा शिरस्ता असा होता की फेऱ्या संपल्या की आठवड्यातून दोनदा तरी शेव-उसळ खायची. ‘एवढे चाललो, आता हक्क आहे,’ हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी उच्चारले आहे. बडोद्याची शेव-उसळ ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ठाऊक आहे की तीत उसळीपेक्षा शेवच पुढे असते. पन्नास ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशेच्या घरात कॅलरी. तर्रीतले तेल आणि पाव वेगळेच. त्या एका बशीत दोन दिवसांचे चालणे बुडत होते आणि वर मी सोसायटीतल्या सगळ्यांना सांगत होते की चालण्याने काही होत नाही. नवरात्रात तर नऊ रात्री दोन-दोन तास गरबा खेळूनही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काटा सव्वा किलोने वर गेलेला होता. त्यात थोडे पाणीही असणार, पण मध्यरात्रीनंतरच्या खाण्याचा आणि दसऱ्याच्या फाफडा-जिलेबीचा वाटा मी नाकारू शकत नाही.

हे केवळ मोह आवरण्यापुरते नाही. व्यायाम वाढवला की शरीर इतरत्र काटकसर करू लागते, आणि हे आपल्या नकळत होते. सकाळी दमलेला माणूस दिवसभर कमी हलतो, लिफ्ट वापरतो, दुपारी आडवा होतो. हर्मन पॉन्टझर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह टांझानियातल्या हाडझा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. ही माणसे शिकारीवर आणि कंदमुळांवर जगतात, दिवसातले कित्येक तास चालतात. तरीही २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत, शरीराचे आकारमान लक्षात घेतल्यावर, त्यांचा खर्च शहरात बैठे काम करणाऱ्या पाश्चात्त्यांपेक्षा फारसा वेगळा भरला नाही. याचे कारण काय आणि ही काटकसर किती मोठी, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण जितके चालू तितकी चरबी सरळ त्रैराशिकाने उतरत जाईल, असे मानता येत नाही, एवढे मला पटले आहे. मी वर मांडलेला भागाकारसुद्धा म्हणूनच वरची मर्यादा समजावी.

आता एक गैरसमज, जो मला बागेत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो: हळू चालले की चरबी जळते, धावले की फक्त साखर जळते, म्हणून हळूच चालावे. यात अर्धे सत्य आहे. मध्यम गतीच्या व्यायामात इंधनामधला चरबीचा वाटा मोठा असतो आणि जोराच्या व्यायामात साखरेचा, हे खरे. परंतु मोठा वाटा म्हणजे मोठी रक्कम नव्हे. शिवाय व्यायामाच्या तासात काय जळले यापेक्षा चोवीस तासांत शरीरात किती आले आणि किती गेले, यावर चरबी ठरते. सकाळी साखर जास्त जळली, तर उरलेल्या दिवसात शरीर चरबी अधिक वापरून ती भरपाई करते. उलट बाजूने, थोडा वेळ जोराचा व्यायाम केल्यास पुढे दिवसभर ‘चरबी जळत राहते’ ही जाहिरातही फुगवलेली आहे. व्यायामानंतरचा तो जादा खर्च व्यायामाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो.

घामाविषयी तर मी वर्गातच विचारत असे: दहा किलो चरबी उतरली तर ती जाते कुठे? उत्तरे ठरलेली, घामातून, उष्णता होऊन, नाहीतर स्नायू बनून. प्रत्यक्षात दहा किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात पोटाला प्लॅस्टिकचा पट्टा गुंडाळून फिरणारी माणसे पाहिली की मला ही आकडेवारी त्यांना थांबवून सांगावीशी वाटते. पट्ट्याने पाणी जाते. ते पहिल्या तांब्याबरोबर परत येते.

पोटाविषयी आपण लिहिले आहे, तिथे मात्र कार्डिओची बाजू भक्कम आहे, आणि ती वजनकाट्यावर दिसत नाही. पोटावरची जी वळी आपण चिमटीत धरतो ती त्वचेखालची चरबी. तिच्याहून घातक ती यकृतात आणि आतड्यांभोवती साठणारी. आपण भारतीय या बाबतीत विशेष कमनशिबी आहोत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले होते: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाला मधुमेह कसा होतो, या प्रश्नाचे याहून नेटके उत्तर मी पाहिलेले नाही. नियमित चालणे, पोहणे, सायकल यांनी ही आतली चरबी कमी होते, आणि वजन फारसे हलले नाही तरीही होते. पोटाचे व्यायाम करून तेवढ्याच जागेची चरबी काढता येत नाही, हेही इथेच सांगून ठेवते.

मग वजने उचलायची की नाही? उचलावीत, पण चालणे सोडून नव्हे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात आठ महिने चाललेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त कार्डिओ, फक्त वजने आणि दोन्ही, असे गट केले होते; चरबी कमी करण्यात कार्डिओ करणारे पुढे राहिले, तर स्नायू वाढले ते वजने उचलणाऱ्यांचे. खाणे कमी केल्यावर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते टिकवण्यासाठी ताकदीचा व्यायाम लागतो. माझे वडील बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायामशाळेत जाणाऱ्या पिढीतले. त्यांच्या बोलण्यात कार्डिओ हा शब्द नव्हता, ‘दमसास’ होता, आणि जोर-बैठका व दमसास ही एकमेकांना पर्याय असलेली दोन दुकाने आहेत असे त्यांना कधी वाटलेच नाही.

आपल्या जागी मी असते तर पाऊण तास चालणे तसेच ठेवले असते, फक्त गती अशी, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोन दिवस जोर, बैठका किंवा वजने. आणि ताटातून रोज तीनशे कॅलरी कमी, कारण तेवढी घट चालून साधायची तर रोज आणखी दीड तास लागेल. हे तीनशे कुठून काढायचे ते ज्याचे त्याने बघावे. माझे निघाले ते फोडणीतले दोन चमचे तेल, चहातली साखर आणि चारच्या चिवड्यातून. डाळी, दूध, अंडी यांत मात्र काटछाट करू नये. प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमाण आहे आणि आपली बहुतेक जेवणे तिथेच उणी पडतात. वजन उतरल्यावर तर चालणे अधिकच लागेल. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी निदान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी परत येऊ दिले नाही. त्यांच्यातले बहुतेक रोज तासाभराच्या आसपास व्यायाम करतात. ती निवडक माणसे आहेत, म्हणून हा पुरावा मी जपूनच वापरते.

रक्तदाब, मधुमेह किंवा चालताना छातीत दडपण असा काही त्रास असल्यास धावणे सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. आणि काट्याबरोबर महिन्यातून एकदा फीतही लावावी: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटरची आहे, बायकांसाठी ८०. माझी पहिल्या वर्षी ९१ वरून ८५ वर आली, तेव्हा वजन फक्त अडीच किलोने उतरले होते.