वाचकांचे प्रश्न : फोटो हलतात, कॅमेरा बदलू का?

प्रश्न : मी ठाण्यात चरई येथे राहतो. दोन वर्षांपूर्वी क्रॉप सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारा भाग लहान असलेला) एक साधा डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची लेन्स घेतली. ऐरोलीहून बोटीत बसून काढलेले फ्लेमिंगोंचे फोटो अस्पष्ट आणि करडे येतात, तर तलावपाळीवर संध्याकाळी काढलेले मुलीचे फोटो हलतात. फोटोत दाणे दिसू नयेत म्हणून आयएसओ, म्हणजे प्रकाशासाठीची संवेदनशीलता, मी नेहमी १०० वरच ठेवतो. आता फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा घ्यावा, की आधी एखादा वर्ग लावावा? दोन फोटो सोबत जोडले आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले दोन्ही फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. खाडीच्या फोटोत पक्षीच नव्हे, तर त्यांच्यामागची तिवरे आणि चिखलात रोवलेला बांबूसुद्धा एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसतो. तलावपाळीचा फोटो आपण कॅमेरा कठड्यावर टेकवून काढला असावा, कारण त्यात दिव्याचा खांब अगदी रेखीव आहे आणि केवळ मुलीचा चेहरा पुसट झाला आहे. म्हणजे पहिल्या फोटोत कॅमेरा हलला आणि दुसऱ्यात मुलगी हलली. दोष वेगवेगळे असले, तरी दोन्हींचे मूळ आपल्या आयएसओ १०० च्या नेमात आहे. आयएसओ कमी ठेवला, की पुरेशा प्रकाशासाठी शटर जास्त वेळ उघडे राहते आणि तेवढ्यात काहीतरी हलते.

फाइलमधील नोंदीनुसार खाडीचा फोटो १/६० सेकंदाचा आणि तलावपाळीचा १/८ सेकंदाचा आहे. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी ढोबळ नियम असा, की लेन्सच्या मिलिमीटरना क्रॉप सेन्सरच्या सुमारे दीड पटीने गुणावे आणि शटर निदान तितक्या वेगाचे ठेवावे. ५५ मिमीला १/८० येते, तेही घट्ट जमिनीवर. आपण तर डुलत्या बोटीत होता. आयएसओ ८०० केला असता, तर त्याच प्रकाशात शटर १/५०० च्या आसपास गेले असते आणि तलावपाळीवर १६०० ने १/१२५ मिळाले असते. दाणे संगणकावर बऱ्यापैकी कमी करता येतात, हललेला फोटो मात्र सहसा सावरता येत नाही. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, धावणाऱ्या मुलीला थांबवत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

करडेपणाचे कारण निराळे आहे. चौकटीत चकाकते पाणी आणि उजळ आकाश भरले, की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक ते सारे मध्यम करड्यावर आणू पाहतो आणि फिकट गुलाबी पक्षी मळकट होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) +०.७ किंवा +१ ठेवावे आणि हिस्टोग्राम (फोटोतील उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या कडेला कापला जात नाही ना, एवढे पाहावे.

फुल फ्रेमविषयी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. त्याचा सेन्सर ३६ × २४ मिमीचा, म्हणजे आपल्या सेन्सरहून लांबी-रुंदीला सुमारे दीडपट असतो. त्यामुळे ५५ मिमीवर तोच पक्षी त्याच्या चौकटीत आणखी लहान दिसेल. कमी प्रकाशात त्याचा फायदा होतो हे खरे, परंतु आपली अडचण ती नाही. पैसे खर्चायचेच असतील, तर पक्ष्यांसाठी ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची लेन्स पाहावी, आणि मुलीच्या फोटोंसाठी ५० मिमी एफ/१.८, ही छोटी लेन्स आपल्या लेन्सच्या ५५ मिमीवरील एफ/५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते (एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त). माझ्या मते आधी ५० मिमीच घ्यावी, कारण फ्लेमिंगो हिवाळ्यात येऊन उन्हाळा संपता संपता जातात, मुलगी वर्षभर घरी असते.

बोटीचा हट्टही थोडा सोडावा. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला, की बरेच पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. तेथे आपण जमिनीवर उभे राहू शकता, त्यामुळे भरतीची वेळ पाहूनच घरून निघावे.

वर्ग लावायला हरकत नाही, पण त्याआधी एक महिना गडकरी रंगायतनजवळच्या रस्त्यावर उभे राहून शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकीचे कॅमेरा जुळवतो) तीच रिक्षा १/१५, १/१२५ आणि १/१००० ने टिपावी, आणि घरी येऊन नोंदींसह तिन्ही फोटो शेजारी ठेवून पाहावेत. एवढे केलेला विद्यार्थी वर्गात नेमका प्रश्न विचारतो.

लेन्स जुनी घेणार असाल, तर फोर्टच्या बोरा बाजारात चौकशी करता येईल. मात्र घेण्यापूर्वी मोबाइलच्या टॉर्चचा उजेड मागून टाकून काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का, ते पाहावे. ती बुरशी असते. माझी एक लेन्स एका पावसाळ्यात चामडी पिशवीत, कपाटातल्या कपड्यांशेजारी राहिली आणि दिवाळीला बाहेर काढली तेव्हा तिच्यात असेच जाळे पसरले होते. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्स पिशवीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी आणि डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.