येऊरचा बेडूक आणि आईचं नाव

पाऊस सुरू झाला की मला बेडकांचे फोटो यायला लागतात, बहुतेक हललेले. यंदा त्यांच्याबरोबर प्रश्नही चांगले आले. त्यातले चार घेतो. आधी एक खुलासा. शाळेच्या पुस्तकात ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. मी पुस्तकाचं ऐकतो.

येऊरला रात्री अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक दिसला. कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाही. नवीन निघाला तर त्याला आईचं नाव देता येईल का? (वसंत विहार, ठाणे)

येईल. पण आधी बेडकाचं बघू. फोटोवरून तो मिनर्वार्या प्रजातीतला वाटतो, आणि या मंडळींनी भल्याभल्यांना रडवलंय. दिसायला सगळे सारखे; फरक कळतो तो आवाजावरून आणि डीएनएवरून. त्यामुळे ‘पुस्तकाशी जुळत नाही’ याचा अर्थ बहुधा पुस्तकात फोटो कमी आहेत, एवढाच असतो. पुढच्या वेळी त्याचं डरावणं मोबाइलवर टिपून घ्या. पकडू नका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय बेडूकही धरता येत नाही.

समजा, खरोखरच नवा निघाला. मग त्याच्या गोतावळ्यातल्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन हुडकायचं, संग्रहालयातले जुने नमुने बरणीतून काढून मापायचे: डोक्याची रुंदी, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंतचं अंतर, बोटांमधला पडदा. आपला बेडूक या सगळ्यांहून कशात वेगळा, ते लिहून प्रसिद्ध करायचं. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवायचा आणि तो कुठे ठेवलाय तेही सांगायचं. नाव त्या एका नमुन्याशी बांधलेलं राहतं. उद्या कोणी दाखवून दिलं की हाच बेडूक आधीच कोणीतरी वर्णन केलाय, तर जुनं नाव राहतं आणि तुमचं जातं. ही ज्येष्ठता लिनियस या स्वीडिश निसर्गतज्ज्ञाच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून मोजतात.

आता आई. बाईच्या नावावरून ठेवलेल्या नावाच्या शेवटी लॅटिनमधला स्त्रीलिंगी षष्ठीचा प्रत्यय लागतो, पुरुषाच्या नावाला ‘ई’. सह्याद्रीतला निक्टिबॅट्राकस हुमायुनी हा बेडूक १९५५ साली हुमायून अब्दुलअली या मुंबईच्या पक्षितज्ज्ञांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे याच अब्दुलअलींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लिहिलं. ती निर्यात १९८७मध्ये बंद झाली. बेडकाने नाव घेतलं, त्यांनी ते फेडलं! स्वतःचंच नाव द्यायला नियमांची आडकाठी नाही, पण देणाऱ्याला लोक हसतात.

बीएस्सीला आम्ही ‘राना टायग्रिना’ची चिरफाड केली. मुलगी त्यालाच ‘हॉप्लोबॅट्राकस टायगरिनस’ म्हणते. बरोबर कोण? (सीवूड्स)

मुलगी. बेडूक तोच, पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा. ‘राना’ ही पूर्वी अडगळीची खोली होती, जगभरचे बेडूक तिच्यात कोंबलेले. नाती नीट कळली तसे एकेकाला वेगळं घर मिळालं. लॅटिनमध्ये ‘राना’ स्त्रीलिंगी, ‘बॅट्राकस’ पुल्लिंगी, म्हणून घर बदलताना ‘टायगरिना’चं ‘टायगरिनस’ झालं. नावापुढे दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचं आडनाव कंसात दिसेल. कंसाचा अर्थ: जातीचं नाव यांनीच ठेवलं, पण तेव्हा प्रजाती दुसरी होती.

आंबोलीच्या भेकालाही (इंग्रजीत टोड) २००९मध्ये ‘टायगरिना’च नाव मिळालं, झँथोफ्राइने टायगरिना. प्रजाती वेगळी असल्यामुळे गोंधळ होत नाही.

डीएनए असताना बेडूक मारून बाटलीत कशाला ठेवायचा? (कोपरी)

कारण डीएनए कोणाचा, हे सांगायला अंग लागतं. पन्नास वर्षांनी शंका आली तर पायाचा पडदा कुठे बघणार? शिवाय क्रम पाळावा लागतो. आधी जिवंतपणी रंगीत फोटो, कारण नंतर रंग उडतो. मग ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मलिनमध्ये डीएनएची नासाडी होते. त्यानंतर फॉर्मलिन, आणि शेवटी कायमचा मुक्काम सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. दोन-चार नमुन्यांनी ओढ्यातले बेडूक संपत नाहीत. ओढ्यात भराव पडला की संपतात.

पण आंबोलीचा भेक फक्त आंबोलीच्या परिसरात आहे आणि अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याचं नाव ठरलंय. आता ‘आमच्याही संग्रहात असावा’ म्हणून कोणी तो उचलत असेल तर माझा विरोध आहे. तोंडात कापसाचा बोळा फिरवला तरी डीएनए मिळतो.

राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस हा बेडूक मुंबईत कुठे बघायला मिळेल? (खारघर)

नावावर जाऊ नका. प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी १९१९मध्ये वर्णन केलेला तो नमुना होता कॅसल रॉकचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. तेव्हा तो मुलूख मुंबई इलाख्यात होता. नाव दिशाभूल करतं म्हणून ते रद्द करता येत नाही, असा नियमच आहे. त्या मानाने २०१४चा इंडिराना चिरवासी हा बेडूक नशीबवान: आंबोलीचा, खडकांच्या चिरांमध्ये राहणारा, आणि नावही तेच सांगणारं. कोकणात जांभ्याच्या घडवलेल्या दगडालाही चिराच म्हणतात, त्यामुळे तिथल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.