कोऱ्या रकान्याकडे आधी जा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जिल्हा रोग सर्वेक्षण कक्षात रुजू झालीस, फार आनंद झाला. तू विचारतेस की आजारांच्या नोंदीच्या पोर्टलवर डोंगराकडची बरीच गावं ताप-खोकल्यात शून्य दिसतात आणि शहरालगतची भरलेली दिसतात, तर इन्फ्लूएंझाची मोठी साथ आलीच तर ती शहराकडून खेड्याकडे सरकेल असं धरून तयारी करायची का?

असं धरू नकोस. तो नकाशा आज आजार कमी आणि नोंद जास्त दाखवतो. जिथे सिस्टर रोज ओपीडी भरते, जिथे नेटवर्क आहे, जिथे खासगी डॉक्टर फोनवर सांगतो, तिथे आकडा आहे. बाकीच्या ठिकाणी आकडा नाही, आणि 'आकडा नाही' याचं पोर्टलवर सहज शून्य होतं. पर्जन्यमापक कोणी वाचलंच नाही म्हणून आपल्या मंडळात पाऊस झाला नाही, हे वऱ्हाडातला कुठलाही शेतकरी ऐकून घेणार नाही. तूही ऐकून घेऊ नकोस. रुजू झाल्यावर पहिलं काम हे कर: प्रत्येक उपकेंद्राच्या गेल्या वर्षभराच्या आठवड्यांपुढे तीन खुणा ठेव. रुग्ण कळवले, शून्य कळवलं, काहीच कळवलं नाही. तिसरी खूण जिथे दाट दिसेल तिथे साथ नसतानाच जाऊन ये. बहुतेक ठिकाणी कारण साधं निघतं. सिस्टरचं पद रिकामं असतं, नाहीतर एकाच आरोग्यसेवकाकडे दोन उपकेंद्रांचा भार असतो. ही कारणं तुला एकटीला दूर करता येणार नाहीत, पण कोणत्या गावांबद्दल आपण आंधळे आहोत हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कागदावर दाखवता येईल.

दुसरी गोष्ट तारखेची. नेटवर्क नसलेल्या गावची नोंद पुष्कळदा आठवडी बाजाराच्या दिवशी होते, कारण त्या दिवशी कार्यकर्ती रेंजमध्ये येते. मग तुझ्या आलेखात दर आठवड्याला एक सुळका उभा राहतो आणि वरचे लोक विचारतात, या दिवशी काय झालं? काही झालेलं नसतं, त्या दिवशी नोंद झालेली असते. म्हणून लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या नावनिशीवार यादीत, ताप कधी सुरू झाला हा रकाना सक्तीचा कर आणि आलेख त्याच तारखेवर काढ. इन्फ्लूएंझात हे फार महत्त्वाचं आहे. संसर्गानंतर एक ते चार दिवसांत लक्षणं येतात, आणि एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंतचं अंतर जेमतेम तीन दिवसांचं असतं. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत एक रुग्ण सरासरी दीडजणांना लागण देत होता असं अभ्यासांतून दिसलं. हिशेब करून बघ. आज दहा नवे रुग्ण असतील तर त्या वेगानं नवव्या दिवशी चौतीस होतात. आठवडाभराचा उशीर म्हणजे आजाराच्या दोन पिढ्या तुझ्या नजरेआड गेल्या.

व्याख्या मात्र बदलू देऊ नकोस. 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. एवढं असेल तर इन्फ्लूएंझासदृश आजार. त्यातच भरती करावं लागलं तर 'सारी', म्हणजे श्वसनाचा तीव्र गंभीर आजार. खोकल्याची अट कोणी ढिली करत असेल तर प्रेमानं पण ठामपणे थांबव. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात नुसत्या तापाची कारणं कमी नाहीत. गडचिरोलीकडे हिवताप, सगळीकडे डेंग्यू, आणि 2018 साली नागपूर भागात स्क्रब टायफसनं माणसं दगावली हे तुला ठाऊक असेल. ताप तेवढा मोजला तर ही सगळी खिचडी एका रेषेत येते आणि रेषा काहीच सांगत नाही. शिवाय इन्फ्लूएंझाची नेहमीची चढण आपल्याकडे पावसाळ्यातच येते, दुसरी छोटी हिवाळ्यात. तेव्हा जुलैमध्ये रुग्ण वाढले एवढ्यानं साथ ठरत नाही. त्याच केंद्राचा मागच्या तीन-चार वर्षांचा जुलै समोर ठेव. प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी करायची, शेजारच्या केंद्राशी नाही, कारण शेजारचा डॉक्टर कदाचित निम्म्याच केस पेपरवर निदान लिहीत असेल.

आता आजार आधी कुठे दिसतो ते सांगतो. लोक पहिल्या दिवशी सरकारी दवाखान्यात येत नाहीत. "अंग मोडून आलं" म्हणत घरीच पडतात, मग मेडिकलमधून गोळ्या नेतात, मेळघाटात भुमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्याकडे, जातात, नाहीतर गावात सुई देणाऱ्याकडे. दवाखान्याच्या रजिस्टरवर येईपर्यंत तिसरा-चौथा दिवस उजाडतो. म्हणून रजिस्टरच्या बाहेर दोन ठिकाणी तुझे कान हवेत.

एक, आश्रमशाळा. शेकडो मुलं एका छपराखाली झोपतात, जेवतात, उठतात. श्वासातून पसरणारा आजार आधी तिथेच पेटतो. अधीक्षकांशी ओळख ठेव. किती मुलं आजारी आहेत हे विचारू नकोस, आज वर्गात किती मुलं नाहीत आणि किती खोलीवर झोपून आहेत हे विचार. पहिल्या प्रश्नाला "सगळं ठीक आहे" हे उत्तर येतं, दुसऱ्याला आकडा येतो. दिवाळीच्या सुट्टीत हीच मुलं गावोगावी पांगतात, म्हणून सुट्टी लागण्याआधीच्या पंधरवड्यातली हजेरी सोन्यासारखी जप.

दोन, कापूस वेचणी. ऑक्टोबरपासून पुढे वेचणीच्या बाया गाडीत दाटीवाटीनं बसून या गावातून त्या गावात जातात. आजार त्यांच्यासोबत प्रवास करतो, आणि त्याचा परिणामही तिथेच आधी दिसतो. शेतकरी म्हणतो, "मॅडम, वेचाले बायाच भेटून नाई राह्यल्या." हे नेहमीचंच गाऱ्हाणं आहे असं समजून सोडू नकोस. विचार: मजुरीवरून अडलं आहे का, दुसऱ्या गावात गेल्या आहेत का, की घरी पडून आहेत? घरी पडून असतील तर आशाताईला घेऊन त्याच दिवशी त्या मोहल्ल्यात जा. वेचणी किलोवर असते. पाच दिवस अंथरुणावर म्हणजे पाच दिवसांची कमाई गेली, आणि त्यात मूलही आजारी पडलं तर घर उधारीवर जातं. जागतिक आरोग्य संघटना साथीची तीव्रता तीन अंगांनी बघायला सांगते: किती वेगानं पसरते, किती गंभीर आजार करते, आणि समाजावर-दवाखान्यांवर किती ताण आणते. पहिल्या दोन्हींचे रकाने तुझ्या पोर्टलवर आहेत. तिसऱ्यासाठी तुला वहीच करावी लागेल, आणि ती करावीस असं मला मनापासून वाटतं.

स्वॅबबद्दल थोडक्यात. सगळ्यांचे स्वॅब घ्यायचा आग्रह कोणी धरला तर बळी पडू नकोस. 2009 मध्येच आपल्याकडे रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली होती आणि सौम्य आजाराला तपासणी नको असं ठरलं होतं. उपचाराच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. म्हणूनच तपासून निघालेला आकडा हा साथीचा आकार मानता येत नाही. तू असं कर: तीन-चार केंद्रं निवड, डोंगराकडचं एक तरी त्यात असू दे, आणि प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वारी व्याख्येत बसणाऱ्या पहिल्या पाच रुग्णांचे नमुने घ्यायला लाव, दर आठवड्याला, साथ असो वा नसो. दुखणं सुरू झाल्यापासून चार दिवसांच्या आतले असावेत आणि नागपूरला पोचेपर्यंत 2 ते 8 अंशांत राहावेत. शंभर नमुन्यांत किती पॉझिटिव्ह निघाले हे प्रमाण आणि त्या केंद्रावरचे एकूण ताप-खोकल्याचे रुग्ण, या दोन्हींच्या गुणाकारातून तुला साथीची खरी चाल दिसेल.

आता मृत्यू. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

1918 मध्ये इन्फ्लूएंझा जूनमध्ये मुंबईच्या बंदरात आला, आणि सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेनं देश झोडपला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आपला मुलूख तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांत त्याची गणना होते. देशातल्या मृत्यूंचा सुरुवातीचा सरकारी अंदाज सुमारे 60 लाखांचा होता. 1921 च्या जनगणनेनंतर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला आणि पुढच्या काही अभ्यासकांनी 1 कोटी 70-80 लाखांपर्यंत नेला. 1911 ते 1921 हे देशाची लोकसंख्या घटल्याचं जनगणनेतलं एकमेव दशक आहे. पहिल्या अंदाजात एवढे लोक सुटले कसे? गावातल्या मृत्यूची वर्दी देणारी माणसंच आजारी पडली, मेली, आणि नोंदीची व्यवस्था ऐन गरजेच्या आठवड्यांत कोसळली. जिथे मरण सर्वांत जास्त, तिथेच कागद सर्वांत कोरा.

ते जुनं झालं असं समजू नकोस. 2009 च्या साथीत जगभर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू सुमारे 18,500 होते. नंतर 2012 मध्ये आलेल्या अभ्यासानं पहिल्या वर्षाचा अंदाज सुमारे 2,84,000 काढला, म्हणजे जवळपास पंधरा पट. प्रयोगशाळेपर्यंत न पोचलेल्या या माणसांतली बरीचशी आपल्यासारख्याच मुलखांतली होती.

यावर उपाय जुना आहे. विल्यम फार या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं 1847 च्या लंडनमधल्या साथीत तो वापरला: कारण कोणतंही लिहिलेलं असो, एकूण मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले ते बघायचं. आपल्या घरी झालेल्या मृत्यूंत कारणाच्या जागी "म्हातारपण" नाहीतर "ताप" एवढंच असतं, म्हणून आपल्याला तर दुसरा मार्गच नाही. 30,000 वस्तीचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र घे. हजारी सहा मृत्यू धरले तर वर्षाला 180, महिन्याला 15. तिथे महिन्याला आठच नोंदले जात असतील तर जवळपास निम्मे मृत्यू साथीआधीच तुझ्या हिशेबाबाहेर आहेत. नोंद नीट असेल आणि एखाद्या महिन्यात 20 झाले तर लगेच धावाधाव नको, एवढा चढउतार होतोच. 30 झाले तर गाडी काढ आणि घरोघरी विचार. हजार वस्तीच्या गावात मात्र वर्षाला सहाच मृत्यू होतात. एकट्या गावाच्या महिन्यावरून काही ठरवू नकोस, केंद्राची सगळी गावं एकत्र कर. आणि मेची तुलना मेशीच कर. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात म्हातारी माणसं तशीही जास्त जातात.

ग्रामपंचायतीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीसाठी ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, जावं लागेल. 21 दिवसांची मुदत असली तरी पुष्कळ नोंदी दाखल्याची गरज पडेल तेव्हा होतात, म्हणजे सातबारावर नाव चढवायचं असेल किंवा विम्याचे पैसे काढायचे असतील तेव्हा. ज्या बाईच्या नावावर काही नाही तिची नोंद राहून जाते. लहान बाळाचीही. म्हणून आशाताईची वही आणि ग्रामपंचायतीची वही शेजारी ठेवून नाव-नाव जुळव. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारानं हे घरोघरच्या नोंदीचं काम गावातल्या माणसांकडून करून घेतलं आणि बालमृत्यू सरकारी कागदावर दिसतात त्याहून किती जास्त आहेत हे दाखवलं. श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला त्यांनी अक्षरओळख नसलेल्या बायांना शिकवलं. दोन महिन्यांवरच्या तान्ह्याचे मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. इन्फ्लूएंझाच्या साथीत हीच मोजणी जीव वाचवेल, तेव्हा आशांच्या पुढच्या बैठकीत ती पुन्हा करून घे.

वयाच्या रकान्यावर नजर टाक. 30, 35, 40, 45 अशीच वयं ओळीनं दिसली तर ती अंदाजानं टाकलेली आहेत. 1918 मध्ये ऐन उमेदीतली, वीस ते चाळीसमधली माणसं गेली, आणि 2009 मध्ये गरोदर बायांना धोका जास्त होता. साथ कोणाला उचलते हे कळायला वय खरं हवं. मोठा मुलगा कितवीत, लग्नाला किती वर्षं झाली, असं विचारलं की वय बऱ्यापैकी जुळतं.

लाइन लिस्ट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नकोस, कोणी मागितली तरी. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे कोरोना पुन्हा उसळला, त्या दिवसांत नाव फुटलेल्या घरांना किराणा मिळेना, पाण्यावर येऊ देईनात, हे मी पाहिलं आहे. अशा गावात पुढचा रुग्ण घरातच लपतो. गावात सुई देणाऱ्याकडेही कारवाईची धमकी घेऊन जाऊ नकोस. ते काम करणारे दुसरे आहेत. तुला त्याच्याकडून एवढंच हवं आहे की या आठवड्यात खोकला-तापाचे किती आले आणि कोणाला धाप लागली होती.

पशुधन विकास अधिकाऱ्यांचा नंबरही जवळ असू दे. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं, म्हणजे पक्ष्यांच्या इन्फ्लूएंझानं, गेल्याचं जानेवारी 2025 मध्ये निष्पन्न झालं, म्हणजे तो विषाणू आपल्या दारापर्यंत आलेला आहे. कोंबड्या एकदम मरायला लागल्याचं कोणत्याही गावातून कळलं की त्यांना त्याच तासाला सांग, आणि त्या घरातल्या माणसांना ताप आहे का ते पुढचे दहा दिवस बघत राहा.

पोळा झाला की दोन केंद्रं निवड, एक सपाटीवरचं आणि एक डोंगराकडचं, आणि दोन्हींचे मागच्या पाच वर्षांचे मृत्यू महिनावार मांड. कोरोनाची वर्षं वेगळ्या शाईनं लिही, ती 'नेहमी'त मिसळू नकोस. तक्ते झाले की मला पाठव. डोंगराकडच्या केंद्रात नोंद कमी निघाली तर कोणत्या ग्रामसेवकांशी आधी बोलायचं ते आपण फोनवर ठरवू.

तुझे,
सर