वाचकांचे प्रश्न : चिखलदऱ्याचे पठार आणि तिथली तळी

प्रश्न : चिखलदऱ्यावर पावसाळ्यात दिवसेंदिवस धुके आणि पाऊस असतो. तरीही एप्रिल-मेमध्ये तलावाचा तळ दिसू लागतो आणि तालुक्यातील अनेक खेड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. इतके पाणी जाते कुठे? दोष पर्यटकांचा समजावा काय? (एक वाचक, परतवाडा)

उत्तर : चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात (भूजल खारे असलेल्या सखल भागात) पडणाऱ्या पावसाच्या मानाने हा जवळजवळ दुप्पट आहे. पण पाऊस किती पडतो आणि मुक्काम किती करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाविलगडचे डोंगर लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचे आहेत. त्यांतील अखंड काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही. सच्छिद्र किंवा झिजून मुरूम झालेल्या थरात जे थोडे मुरते, ते कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि हिवाळा सरता सरता हे झरे बारीक होतात. उरलेले पाणी कड्यांवरून कोसळून उत्तरेला सिपना नदीत, तर दक्षिणेला इथल्याच चंद्रभागा नदीतून पूर्णेत जाते. दोन्हीकडचे पाणी शेवटी तापीलाच मिळते, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस थेट अरबी समुद्राच्या वाटेला लागतो.

म्हणूनच पठारावरचे तळे ही एका पावसाळ्याची पुंजी असते. तिला बारमाही ओढ्याचा आधार नसतो. नुसत्या उन्हाने काय होते, ते पाहा : उघड्या पृष्ठभागावरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पातळी दोन फूट खाली जाते, आणि उथळ तलावात दोन फूट म्हणजे काठापासून कितीतरी पावले आत सरकलेले पाणी. त्यातच उतारावरची माती दर पावसाळ्यात तळाशी साचते आणि तलावाची धारणक्षमता वर्षागणिक घटते.

पर्यटकांवर सगळा दोष टाकणे न्यायाचे नाही. मात्र गर्दी येते ती नेमक्या उन्हाळी सुट्यांत, पाणी सर्वांत कमी असताना, हे नाकारता येणार नाही. मुक्कामी आलेले कुटुंब दोन वेळा आंघोळ करते आणि वरून गाडी धुवून घेते. त्याच दिवशी शेजारच्या कोरकू पाड्यातील बाई डोक्यावर हंडा घेऊन झिऱ्यावर (पाणी पाझरणाऱ्या खड्ड्यावर) रांगेत उभी असते. तलावातला गाळ उन्हाळ्यात काढणे, उतारावर समतल (एकाच उंचीवरून जाणारे आडवे) चर खोदणे आणि निवाऱ्यांच्या छपरांचे पाणी टाक्यांत साठवणे, या तिन्ही कामांना नव्या आकर्षणांआधी निधी मिळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाविलगडावर मच्छी तलाव आणि देवी तलाव राखणाऱ्यांना हे पुरेपूर कळले होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी जिंकलेल्या त्या गडावरील शिबंदी साठवलेल्या पावसावरच जगत होती.

प्रश्न : आम्ही दर्यापूर तालुक्यातील शाळेची आठवी-नववीची मुले चिखलदऱ्याला एका दिवसाच्या निसर्गसहलीला नेऊ इच्छितो. कोणता काळ चांगला, आणि मुलांना तलावात उतरू द्यावे काय? (एक शिक्षक)

उत्तर : ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. पाणी भरलेले असते, हवा स्वच्छ असल्याने दऱ्या खोलवर दिसतात आणि कॉफीच्या बागाही पाहता येतात. जुलै-ऑगस्टमधील धुके मोहक असले तरी बसभर मुले घेऊन घाट चढायला ते दिवस योग्य नाहीत. कड्यावर उभे राहूनही दरी दिसत नाही आणि मुलांची नजर तर कठड्याच्या पलीकडे जातेच.

तलावात मात्र उतरू देऊ नये. काठाला गुडघाभर दिसणारे पाणी दोन पावलांवर छातीइतके होते. तळाच्या मऊ गाळात पाय रुततो आणि पाणवेली पोहता येणाऱ्यालाही अडकवतात. नौकाविहार करायचा असेल तर प्रत्येक मुलाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट बांधलेले असावे. ते नुसते बोटीत ठेवलेले असून भागत नाही. दहा-पंधरा मीटरचा दोर सोबत न्यावा आणि कोणी पडल्यास मागे उडी न घेता दोर किंवा लांब काठी फेकायची, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

मुलांना दाखवण्याजोगे काठावर बरेच असते. ओल्या गाळात सकाळी गुरांच्या खुरांसोबत रात्री पाण्यावर आलेल्या रानडुकरांचे ठसेही मिळतात. थोडे वर, कोरड्या मुरमाड जागेत टिटवी असेल तर तिच्या ओरडण्याकडे लक्ष द्यावे. मार्चनंतर ती उघड्या जमिनीवरच्या साध्या खळग्यात बहुधा चार अंडी घालते आणि त्यांचा रंग आसपासच्या खड्यांत इतका मिसळलेला असतो की, पाय पडल्यावरच कळते. त्याच मोकळ्या जागेवर आपण गाड्या लावतो. बस डांबरी रस्त्यावरच थांबवावी, हा आमचा आग्रह यासाठीच.

डबे स्टीलचे न्यावेत. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक बंदी आहेच, आणि परतीला रबडी घ्यायची असेल तर घरून एक झाकणाचा डबा रिकामा न्यावा.

प्रश्न : आमच्या गावाशेजारी टेकडीच्या माथ्यावर सपाट माळ आणि लहान तलाव आहे. ग्रामपंचायतीला तिथे निसर्ग पर्यटन केंद्र करायचे आहे. सुरुवात कुठून करावी? (ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. जमीन महसूल विभागाची, वन विभागाची की गावठाणाची, हे आधी कळले पाहिजे. वनजमीन असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार तिथे वनेतर बांधकामाला केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. पंचायतीचा ठराव तिथे पुरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाले असतील, तर जंगलाच्या व्यवस्थापनात ग्रामसभेचा आवाज बराच मोठा होतो. अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाने असे हक्क मिळवून उजाड टेकड्यांवर पुन्हा झाडोरा उभा केला आणि तिथल्या सीताफळांपासून उत्पन्न मिळवले. तिथल्या लोकांना एकदा भेटून यावे.

दुसरे, तलाव आज कोण वापरते ते लिहून काढावे : गुरे, धोबी, मासेमारी करणारे, शिंगाडे लावणारे. बागेला कुंपण घातल्यावर यांना बाहेर ठेवणार असाल, तर पहिल्याच वर्षी तंटा होईल आणि तो रास्तच असेल. जनावरांसाठी एक घाट मोकळा ठेवावा, पाळीवर काँक्रीट ओतू नये, सांडव्यासमोर एकही दुकान येऊ देऊ नये आणि शौचालयाचा शोषखड्डा तलावाकडे उतरणाऱ्या बाजूला कधीही खोदू नये. आराखडा करणाऱ्या अभियंत्याला एकदा भर पावसात माळावर उभे करावे. पाणी कुठून येते ते कागदावर दिसत नाही, आणि बाके कुठे टाकायची हा प्रश्न त्यानंतरचा आहे.