नवीन पेट्रोल चेनसॉ घेतलाय. तेल कुठलं, किती टाकायचं आणि सुरू कसा करायचा?

टू-स्ट्रोक इंजिन आहे, म्हणजे नुसतं पेट्रोल टाकलंत तर पिस्टन जाम होणार. पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल), 25:1 असेल तर 40. पुस्तिकेत असेल तेच धरा, दुकानदाराचा अंदाज नको. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा आणि ओतण्याआधी हलवा. हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं, म्हणून महिनाभर पुरेल एवढंच बनवा.

दुसऱ्या टाकीत चेन ऑइल. पेट्रोल भरताना दर वेळी हीपण भरा. जळकं इंजिन ऑइल स्वस्त पडतं, पण तेलाचा पंप आणि बार (चेन फिरते ती लांब पट्टी) खातं. तेल येतंय का बघायला मशीन चालू करून बारचं टोक पुठ्ठ्यावर धरा (न टेकवता) आणि रेस द्या. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल भरा, आणि भरल्या जागेपासून तीनेक मीटर लांब जाऊन सुरू करा. चेन ब्रेक (पुढच्या हँडलसमोरचा, चेन थांबवणारा दांडा) पुढे ढकललेला. मशीन जमिनीवर, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर ताठ. चोक ओढून दोरी खेचा. एकदा ‘फट्’ झालं की चोक अर्धा करून पुन्हा खेचा. ‘फट्’ नंतरही पूर्ण चोकवर ओढत बसलात तर प्लग भिजतो.

हवेत लोंबकळत ठेवून झटका मारणारे खूप दिसतात. ते अजिबात करू नका, मांडी तिथेच असते.